ऐकावे जनाचे, करावे… यंत्राचे?

(तृतीय वर्ष, यंत्र विभाग)

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी चाकणच्या एका कारखान्यात 'इनप्लांट ट्रेनिंग' केले. पहाटे साडेपाचला नाशिक फाट्यावर कंपनीची बस यायची, भोसरी-मोशी मागे पडेपर्यंत निम्मी बस झोपलेली असायची. आमच्या लाइनवर एक काका होते. वीस-बावीस वर्षे नोकरी झालेली. त्यांच्या शेजारी एक यांत्रिक हात दिवसभर बोल्ट आवळत उभा असे. काकांनी त्याचे नाव ठेवले होते 'पैलवान'! "पैलवान आज जरा आळसावलाय," असे म्हणाले की समजायचे, सायकल टाइम दोन सेकंदांनी वाढला आहे. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार आणि हळद-कुंकू, हे तर ठरलेलेच.

एकदा चहाच्या सुट्टीत मी सहज विचारले, "काका, उद्या हा बोलायला लागला तर?"

काका चहाचा घोट घेऊन म्हणाले, "नको रे बाबा. मुका आहे तोवर बरा आहे. बोलायला लागला की त्याचं ऐकावं लागंल!"

सगळे हसले. मीही हसलो. पण होस्टेलवर परत आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. खरेच, यंत्र बोलायला लागले की माणूस त्याचे ऐकतो का? किती ऐकतो? आणि ऐकणे चांगले की वाईट? सबमिशनच्या धामधुमीतून वेळ काढून लायब्ररीत आणि नेटवर जे जे वाचले, ते मित्रांनो, तुमच्यापुढे मांडतो आहे. सिलॅबसमध्ये हा धडा नाही. पण नोकरीत लागेल, आणि घरी तर नक्कीच लागेल. का ते पुढे येईलच.

मुका आणि बोलका

आपला पट्टा यंत्रांना नवखा नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली आणि बघता बघता पिंपरी-चिंचवडचा माळ कारखान्यांनी भरून गेला. पुढे चाकण त्याला जोडले गेले. बजाज ऑटोने २०१० पासून चाकणच्या कारखान्यात 'कोबॉट' म्हणजे माणसाच्या शेजारी, जाळीच्या कुंपणाशिवाय काम करणारे रोबो वापरायला सुरुवात केली. त्यांची संख्या पुढे शंभरावर गेली. टाटा समूहातल्या 'टाल' या कंपनीने 'ब्राबो' हा देशी बनावटीचा रोबो २०१७ मध्ये बाजारात आणला.

पण हे सगळे 'मुके' रोबो. ते वस्तू हलवतात. दुसरी जात आहे ती 'सामाजिक यंत्रमानव' म्हणजे सोशल रोबोंची. हे वस्तू नाही, माणूस हलवतात! म्हणजे काय, तर ते आपल्याकडे बघतात, बोलतात, मान डोलावतात, नाव घेतात, आणि आपण काहीतरी करावे किंवा करू नये म्हणून प्रयत्न करतात. हात धुवा, गोळी घ्या, व्यायाम करा, हेल्मेट घाला, हे विकत घ्या. याला म्हणायचे मन वळवणे.

इथे एक फरक आधीच स्पष्ट करून घेऊ, कारण व्हायव्हात हाच विचारतील. मशिनची जाळी उघडली की पुरवठा बंद होतो, तो 'इंटरलॉक'. तिथे तुमच्या मनाला कोणी विचारत नाही, ती सक्ती. खोटी माहिती देऊन काम करवून घेणे ही फसवणूक. आणि मन वळवणे या दोन्हींच्या मध्ये बसते: 'नाही' म्हणायची मुभा आहे, पण तुम्ही 'हो' म्हणावे म्हणून समोरचा झटतो आहे.

लिफ्ट आणि मेसच्या मावशी

दोन उदाहरणे घ्या. एक, लिफ्टमधला आवाज. "कृपया दरवाजा बंद कीजिये." किती जण ऐकून धावत जातात? तो आवाज ओरडत राहतो आणि आपण दारात उभे राहून कालच्या मॅचच्या गप्पा मारत राहतो.

दुसरे, आपल्या मेसच्या मावशी. "अरे, एकच पोळी? घरी आई बघितली असती तर काय म्हणाली असती?" झाले! पोट भरलेले असले तरी दुसरी पोळी ताटात.

दोन्हीकडे आवाजच आहे. मग फरक कुठे? मावशी आपल्याकडे बघून बोलतात. त्या आपल्याला ओळखतात. आणि आपण जेवलो की नाही याने त्यांना खरोखरच फरक पडतो. लिफ्टकडे यातले काहीच नाही. सोशल रोबो बनवणारे लोक काय करतात, तर लिफ्टला मावशी बनवायचा प्रयत्न करतात. बघणे जमते, ओळखणेही जमते. तिसऱ्या गोष्टीचे काय? ते शेवटी पाहू.

आपण असे का वागतो?

ही गोष्ट रोबोंच्याही आधी सुरू होते. १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबाउम या प्राध्यापकाने 'एलायझा' नावाचा एक प्रोग्रॅम लिहिला. तो मानसोपचारतज्ज्ञासारखे बोलायचा. खरे तर तुमचेच वाक्य उलटे फिरवून प्रश्न म्हणून परत द्यायचा, बस. तरीही माणसे त्याच्यापाशी मन मोकळे करू लागली. वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीला तो प्रोग्रॅम कसा बनतोय हे रोज दिसत होते; पण त्यावर टाइप करताना तिने सरांनाच खोलीबाहेर जायला सांगितले! वायझेनबाउम यांना याचा इतका धक्का बसला की पुढे आयुष्यभर ते संगणकावरच्या अंधविश्वासाविरुद्ध लिहीत राहिले.

नंतर स्टॅनफर्डमध्ये बायरन रीव्ह्ज आणि क्लिफर्ड नास यांनी यावर पद्धतशीर प्रयोग केले. त्यांचे पुस्तक १९९६ मध्ये आले. एक प्रयोग गमतीचा आहे. लोकांनी एका संगणकावर काम केले. मग 'हा संगणक कसा वाटला?' असे विचारले. त्याच संगणकावर विचारले तर लोकांनी चांगले मार्क दिले. शेजारच्या दुसऱ्या संगणकावर किंवा कागदावर विचारले तर कमी. म्हणजे काय? तोंडावर वाईट कसे बोलायचे! आणि ही माणसे संगणकाला मन असते असे मुळीच मानत नव्हती.

आपल्याला हे नवीन वाटायला नको. खंडेनवमीला कानस-हातोडीची पूजा करणारे आपण. "गाडी आज रुसलीये" म्हणणारे आपण. माझ्या रूममेटला मागच्या महिन्यात एका बाईंचा फोन आला, अगदी शुद्ध मराठीत. 'आपल्यासाठी खास कर्ज मंजूर झाले आहे.' हा पठ्ठ्या चार मिनिटे "मॅडम, मॅडम" करत होता, आणि शेवटी "सॉरी मॅडम, सध्या गरज नाही" म्हणून दोनदा माफी मागितली. प्रश्न बदलला तरी उत्तर तेच येतेय हे लक्षात आल्यावर कळले, मॅडम म्हणजे मशिन! आम्ही आठवडाभर त्याला 'मॅडम' म्हणून हाक मारली.

तर मुद्दा असा: माणसाचा मेंदू लाखो वर्षे फक्त माणसांच्याच आवाजाला उत्तर देत आला. समोरून डोळे, आवाज आणि वेळेवर उत्तर आले की तो आपोआप 'कोणीतरी आहे' असे धरून चालतो. बुद्धीला माहीत असते की हे यंत्र आहे. सवयीला माहीत नसते.

काय केले की रोबोचे ऐकले जाते?

यावर हॉलंडच्या आइंडहोवन तंत्रविद्यापीठात बरेच काम झाले आहे. तिथल्या याप हॅम आणि सहकाऱ्यांनी 'नाओ' या छोट्या रोबोला एक बोधकथा सांगायला लावली, तीच आपली 'लांडगा आला रे आला'. कधी रोबो ऐकणाऱ्याकडे बघायचा, कधी नाही. कधी हातवारे करायचा, कधी नाही. निष्कर्ष काय आला? नजरेने फरक पडला. हातवारे नजरेसोबत असले तर उपयोगी; पण न बघता नुसते हातवारे केले तर गोष्ट उलट कमी पटली. सेमिनारला भिंतीकडे बघून हात हलवणाऱ्या आपल्या मित्रांनी नोंद घ्यावी!

त्याच विद्यापीठातला मिडन आणि हॅम यांचा २००९ सालचा प्रयोग आपल्या कामाचा आहे. लोकांना वॉशिंग मशिनचे प्रोग्रॅम लावायला दिले. काहींना किती वीज खर्च झाली हे आकड्यात दाखवले. काहींना एका मांजरासारख्या रोबोने शाबासकी दिली किंवा नाराजी दाखवली. आकड्यांपेक्षा रोबोच्या शेऱ्याने वीज जास्त वाचली. आणि शाबासकीपेक्षा नाराजीचा परिणाम जास्त!

मग रोबोला साहेब बनवायचे का? जरा थांबा. कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठात सॉन्डरसन आणि नेजात यांनी २०२१ मध्ये ३२ लोकांवर प्रयोग केला. तोच 'पेपर' नावाचा रोबो, काहींपुढे बरोबरीचा सोबती म्हणून, तर काहींपुढे बक्षीस-दंड ठरवणारा अधिकारी म्हणून. सोबत्याचे लोकांनी ऐकले, अधिकाऱ्याचे त्यापेक्षा कमी. यंत्र मदत करते तोवर ठीक; ते आपल्या डोक्यावर बसते आहे असे वाटले की माणूस मान फिरवतो. त्याआधी २०१३ मध्ये मॅनिटोबा विद्यापीठात लोकांना फाइलींची नावे बदलण्याचे महाकंटाळवाणे काम ८० मिनिटे करायला लावले होते. सांगणारा माणूस असताना ८६ टक्के लोक शेवटपर्यंत बसले. सांगणारा नाओ असताना ४६ टक्के. म्हणजे रोबोचा हुकूम माणसाच्या हुकुमाइतका चालत नाही. पण दोन फुटांचे प्लॅस्टिकचे बाहुले हुकूम सोडते आणि निम्मी माणसे तासभराहून जास्त वेळ निमूट राबतात, हेही कमी नाही!

आणखी एक, मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला प्रयोग. एमआयटीमध्ये कोरी किड आणि सिंथिया ब्रिझील यांनी वजन कमी करायला मदत करणारा एक रोबो बनवला. ४५ लोक घेतले. काहींना रोबो, काहींना तोच कार्यक्रम संगणकावर, काहींना कागदी वही. रोबोवाले लोक वहीवाल्यांच्या जवळजवळ दुप्पट काळ टिकून राहिले. पण वजन? त्यात तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही! म्हणजे रोबो तुम्हाला रोज नोंद करायला लावू शकतो. पण वडापाव हातातून काढून घेऊ शकत नाही. 'लोक वापरतात' आणि 'लोक बदलतात' ही दोन वेगळी मोजमापे आहेत. प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिताना आपण नेहमी पहिले दाखवून दुसऱ्याचे श्रेय घेतो.

आपल्याकडचे प्रयोग

हे सगळे परदेशात, असे म्हणू नका. जानेवारी २०१९ मध्ये पुणे पोलिसांनी 'रोडिओ' नावाचा रोबो वाहतूक नियमांच्या जागृतीसाठी आणला. जून २०२० मध्ये, करोनाच्या ऐन काळात, रेल्वे सुरक्षा दलाने पुणे स्टेशनवर 'कॅप्टन अर्जुन' उभा केला. तो प्रवाशांचे तापमान तपासायचा आणि स्थानिक भाषेत काळजी घेण्याच्या सूचनाही द्यायचा. मुंबईत कमला मिलमधल्या एचडीएफसी बँकेच्या शाखेत जानेवारी २०१७ मध्ये 'इरा' ही रोबो ग्राहकांच्या स्वागताला आली होती.

अशा वेळी गर्दी जमते, फोटो निघतात, पेपरात बातमी येते. पण गर्दी जमणे म्हणजे मन वळणे नव्हे. मन वळले का, हे कळायला आधी आणि नंतर मोजावे लागते. तसे मोजलेले एक सुंदर भारतीय उदाहरण आहे. केरळातल्या वायनाड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत २०१९ मध्ये 'पेपे' नावाचा रोबो बसवला. स्कॉटलंडमधले ग्लासगो विद्यापीठ आणि आपल्याकडचे अमृता विद्यापीठ यांचे हे काम. अमोल देशमुख हे त्यातले प्रमुख संशोधक. पेपे म्हणजे काय, तर हिरव्या पंजाच्या आकाराचा, हलते डोळे आणि तोंड असलेला एक रोबो, नळांच्या वर भिंतीवर लावलेला. मुले जेवायला निघाली की त्यांना हाक मारायचा, हात धुवायची आठवण करायचा, शाबासकी द्यायचा. सुमारे शंभर मुले. हात धुण्याचे प्रमाण जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढले.

इंजिनिअर म्हणून दोन गोष्टी बघा. पेपेला फारशी 'बुद्धी' नव्हती; पडद्याआडून संशोधकच त्याला चालवत होते. आणि त्याची जागा अचूक होती: जिथे नळ, तिथेच रोबो, जेव्हा जेवण, तेव्हाच हाक. योग्य जागा, योग्य वेळ आणि एक सोपी कृती. महागडा प्रोसेसर नाही.

नाण्याची दुसरी बाजू

आता काकांच्या वाक्याकडे येऊ. ऐकावे लागेल… आणि रोबो चुकत असला तर?

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये हा प्रयोग झाला. लोकांना एका रोबोच्या मागून एका खोलीत नेले. थोड्या वेळाने कृत्रिम धूर सोडला, आगीची घंटा वाजली. आलो तो दरवाजा माहीत होता. पण रोबो भलत्याच दिशेला बोट दाखवत उभा. २६ लोक होते. सगळेच्या सगळे, सव्वीसच्या सव्वीस, रोबोच्या मागे गेले! त्यातल्या निम्म्यांनी तोच रोबो थोड्याच वेळापूर्वी रस्ता चुकताना पाहिला होता. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर विद्यापीठात २०१५ मध्ये रोबोने पाहुण्यांना न उघडलेली पत्रे कचऱ्यात टाकायला, कुंडीत संत्र्याचा रस ओतायला सांगितले. बऱ्याच जणांनी ओतला! "प्रयोगच आहे, त्यांना काहीतरी माहीत असेल," असे वाटून. पण कारखान्यातही माणूस हेच म्हणतो ना? "सिस्टिमने सांगितलंय म्हणजे बरोबरच असणार."

मुलांचे तर विचारूच नका. २०१८ मध्ये सात ते नऊ वर्षांच्या मुलांना रेघांची लांबी ओळखायला दिली आणि शेजारी तीन रोबो मुद्दाम चुकीचे उत्तर देत बसवले. मुलांची जी उत्तरे चुकली, त्यातली ७४ टक्के शब्दशः रोबोंचीच होती. मोठी माणसे मात्र या प्रयोगात बधली नाहीत. पण मोठ्यांनी लगेच खूश होऊ नये. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १८० विद्यार्थ्यांना, म्हणजे आपल्यासारख्यांनाच, स्क्रीनवरचा फुगा फुगवायचा खेळ दिला. जितका फुगवाल तितके पैसे. फुटला की त्या फुग्याचे सगळे गेले. शेजारी गप्प बसलेल्या रोबोने काही फरक पडला नाही. पण "अजून फुगव, थांबू नकोस" म्हणणाऱ्या रोबोच्या शेजारचे विद्यार्थी जास्त धोका पत्करत गेले.

आणि दया? जर्मनीत २०१८ मध्ये झालेल्या प्रयोगात ४३ जणांना नाओ रोबो बंद करायला सांगितले, तेव्हा तो "नको, मला अंधाराची भीती वाटते" अशी गयावया करू लागला. १३ जणांनी बंद केलाच नाही. बाकीच्यांना, जिथे रोबो गप्प होता त्यांच्या मानाने, दुप्पट वेळ लागला.

आता हे सगळे चाकणच्या शॉपफ्लोअरवर आणून बघा. रात्रपाळीचे चार वाजलेत. कंत्राटी कामगार, नवा मुलगा. शेजारचा कोबॉट गोड आवाजात म्हणतो, "शाबास! अजून फक्त वीस नग. तू करू शकतोस." हा आवाज सुपरवायझरच्या आरडाओरडीपेक्षा जास्त चालेल. पण मुलगा दमलेला आहे हे त्या आवाजाला कळते का? कळले तरी थांबायला सांगण्याचा प्रोग्रॅम त्यात कोणी घातला आहे का? की फक्त 'अजून वीस' एवढाच घातला आहे? उद्या तो प्रोग्रॅम लिहायला तुम्ही-मीच बसलेले असणार आहोत. म्हणून म्हटले, हा धडा नोकरीत लागेल.

आणि घरी? त्या 'मॅडम'ची गोष्ट तिथेच संपली नव्हती. रूममेटचे वडील भोसरीत एका वर्कशॉपमध्ये कामाला आहेत. तसलाच फोन त्यांनाही आला होता. ते 'हो' म्हणाले. मग कागदपत्रे घ्यायला खरा माणूस आला, सह्या झाल्या, आता दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता जातो. दिवाळीत हा घरी गेला तेव्हा त्याने समजावून सांगितले, "अण्णा, ती बाई नव्हतीच. मशिन होतं." अण्णांना पटेना. ते एवढेच म्हणाले, "मग तिने माझी तब्येत कशाला विचारली?"

परत आल्यावर त्याने हे सांगितले, आणि त्या दिवसापासून आम्ही त्याला 'मॅडम' म्हणणे बंद केले.

मन कोणाचे?

अण्णांचा प्रश्न अगदी बरोबर आहे. तब्येत विचारली, कारण विचारल्यावर माणूस ऐकतो हे कोणालातरी माहीत होते. रोबोला तुमच्याकडून काहीच नको असते. त्याला ना पगार, ना बढती, ना हप्ता. पण त्याच्या मालकाला हवे असते. माणूस मन वळवत असेल तर त्याचा स्वार्थ त्याच्या चेहऱ्यावर, घाईत, बोलण्यात कुठेतरी दिसतो. विक्रेता आहे म्हटल्यावर आपण सावध होतो. यंत्राच्या चेहऱ्यावर स्वार्थ दिसत नाही, कारण तो त्या चेहऱ्यामागे नसतोच. तो कुठेतरी दूर, ऑफिसात बसलेला असतो. म्हणून मेसच्या मावशी आणि रोबो यांच्यातला तिसरा फरक महत्त्वाचा. मावशींचे 'अजून एक पोळी घे' हे त्यांचे स्वतःचे असते. रोबोची आपुलकी दुसऱ्याने लिहून दिलेली असते.

याचा अर्थ बोलके रोबो वाईट असा नाही. वायनाडच्या मुलांचे हात स्वच्छ झाले ते खरेच झाले. म्हणून कोणतेही बोलके यंत्र समोर आले, किंवा स्वतः बनवायची वेळ आली, की हे पाच प्रश्न विचारावेत असे मला वाटते:

१. हे यंत्र आहे, हे त्याने स्वतःहून आणि सुरुवातीलाच सांगितले का?
२. मी ऐकले तर फायदा कोणाचा: माझा, मालकाचा की दोघांचा?
३. 'नाही' म्हटल्यावर ते थांबते का, की पुन्हा पुन्हा गळ घालते?
४. ते चुकले तर मला कसे कळेल, आणि जबाबदार कोण?
५. समोर लहान मूल, आजारी, दमलेला किंवा घाबरलेला माणूस असेल तर ते वेगळे वागते का?

पाचही प्रश्नांची उत्तरे नीट मिळाली तर खुशाल ऐका. एकही अडले तर ती जुनी म्हण आठवा: ऐकावे जनाचे, करावे मनाचे. यंत्राच्या बाबतीत तर नक्कीच.

करून बघा

शेवटी, नुसते वाचून काय होते? आपल्याच होस्टेलवर करता येईल असा एक साधा प्रयोग सुचवतो. विषय: मेसमध्ये ताटात टाकलेले अन्न.

पहिला आठवडा काहीच करायचे नाही. रोज रात्री ताटातून टाकलेल्या अन्नाची बादली वजनकाट्यावर ठेवायची, आणि जेवणाऱ्यांच्या संख्येने भागायचे. दुसरा आठवडा: ताटे ठेवायच्या जागी 'अन्न वाया घालवू नका' असा फलक. तिसरा आठवडा: फलक काढून तिथेच पुठ्ठ्याचा चेहरा असलेला एक खोका, आत स्पीकर, समोर सेन्सर, कोणी आले की डोळ्यांचे दिवे लागतील आणि तो एक वाक्य बोलेल. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना एका रविवारचे काम आहे. चौथा आठवडा: खोका काढून तिथे मावशींना उभे करायचे. पाचवा आठवडा: पुन्हा काहीच नाही.

काही पथ्ये. रेक्टर सरांची आणि मावशींची परवानगी आधी घ्या. कोणाचे नाव किंवा फोटो नोंदवू नका. रोजचा मेनू लिहून ठेवा, नाहीतर दुधी भोपळ्याच्या दिवसाचे खापर रोबोवर फुटेल! रविवारची फीस्ट आणि परीक्षेचे आठवडे टाळा. आणि तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारचे आणि शनिवारचे आकडे वेगळे बघा, कारण नव्याचे नऊ दिवस असतात. खोक्याची मजा ओसरल्यावर काय उरते तेच खरे. पाचवा आठवडा सगळ्यात बोलका: सांगणारे कोणी नसताना लोक कसे वागतात? सवय लागली की नुसती भीड होती?

आणि हो, खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहा: 'मी यंत्र आहे. मला तुमच्या मित्रांनी बनवले आहे.' तरीही लोक ऐकतात का बघू.

माझा अंदाज विचाराल तर, मावशी जिंकतील. पण अंदाज म्हणजे रीडिंग नव्हे. आकडे आले की पुढच्या अंकात छापू. एक प्रत मी चाकणला काकांना नेऊन देणार आहे. त्यांचा पैलवान अजून मुकाच आहे. तो बोलायला लागायच्या आत, काय बोलायचे आणि कोणासाठी, हे ठरवणारी माणसे शहाणी झालेली बरी. आणि ती माणसे, मित्रांनो, याच होस्टेलमधून बाहेर पडणार आहेत.